मागून ठोकलेली जुनी गाडी: आधी माप, मग हातोडी

जुन्या गाडीला मागून धडक बसली की गॅरेजात पोहोचताच बोलणं सुरू होतं ते डिकीच्या झाकणावरून. झाकण बदलायचं की ठोकून सरळ करायचं, बंपर कुठे मिळेल, रंग जुळेल का. मालकाचं लक्ष तिथेच जातं, कारण डोळ्यांना दिसतं ते तेवढंच. पण धडकेचा जोर झाकणापाशी थांबलेला नसतो. तो डिकीच्या तळातल्या मेंबरमधून पाट्यांच्या, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या, हँगरपर्यंत, तिथून चाकावरच्या कमानीत आणि मागच्या खांबातून थेट छतापर्यंत गेलेला असू शकतो. म्हणून मागून ठोकलेली जुनी गाडी दुरुस्त करताना आधी सांगाडा मोजावा, मग तो ओढून मूळ जागी आणावा, मूळ पत्रा जितका वाचेल तितका वाचवावा आणि दिसण्याचं काम सगळ्यात शेवटी हाती घ्यावं. हा क्रम उलटला तर गाडी चकचकीत होते, पण रस्त्यावर कायम तिरकी चालते, टायर एका बाजूने खाते आणि पुढच्या धडकेत आतल्या माणसांना आधी होता तेवढाही आधार देत नाही.

जोर इतका लांब का जातो, हे समजून घेतलं तर पुढची कामं कोणत्या क्रमाने करायची हे आपोआप कळतं. धडकेतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ३० ऐवजी ६० किलोमीटरने आलेलं वाहन चौपट ऊर्जा घेऊन आदळतं. आजच्या गाड्यांत पुढचा आणि मागचा भाग दबून जावा असा मुद्दाम आखलेला असतो, म्हणजे बरीचशी ऊर्जा तिथेच खर्ची पडते. मर्सिडीझचे अभियंते बेला बारेनी यांनी ही कल्पना मांडली आणि १९५९ च्या मर्सिडीझमध्ये ती प्रत्यक्ष उत्पादनात उतरली. आपल्याकडची पद्मिनी १९५३ च्या फियाट ११०० ची वंशज आणि अ‍ॅम्बेसेडर मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेची. दोन्हींचा आराखडा त्याआधीचा. त्यांचा पत्रा जाड म्हणून जुनी गाडी दणकट, असं आपण म्हणतो आणि किरकोळ धक्क्यापुरतं ते खरंही आहे. पण जाड पत्रा जिथे दबत नाही तिथे तो जोर पुढे ढकलतो. त्यामुळे बंपरला जेमतेम पोचा दिसतो आणि मागच्या दाराची फट वर अरुंद, खाली रुंद झालेली असते. बाहेरची इजा लहान म्हणजे आतली इजाही लहान, हा हिशेब जुन्या गाडीला लागू पडत नाही.

जळगाव-धुळ्याच्या वाचकाला हा विषय परका नाही. सुरत-नागपूर महामार्ग, पूर्वीचा क्रमांक ६ आणि आताचा ५३, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ असा जातो. मुंबई-आग्रा महामार्ग धुळ्याहून शिरपूरमार्गे सेंधव्याच्या घाटाकडे जातो. रावेर, यावल, सावद्याचे केळीचे ट्रक, कापसाच्या गाड्या, ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि लांब पल्ल्याचे कंटेनर एकाच रस्त्यावर चालतात. ४ जुलै २०२३ रोजी शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर पुढच्या वाहनांना मागून धडकत थेट हॉटेलात घुसला आणि अनेकांचे जीव गेले. अशा रस्त्यावर छोटे टेललाइट आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली पन्नास वर्षांपूर्वीची गाडी चालवणाऱ्याने मागून धडक बसण्याची शक्यता गृहीतच धरायला हवी.

धडकेनंतरचा पहिला तास दुरुस्तीचा नसतो. या बहुतेक गाड्यांत पेट्रोलची टाकी मागेच, डिकीत किंवा डिकीखाली असते. पेट्रोलचा वास येत असेल तर सगळ्यांनी उतरून लांब व्हावं, बॅटरीची तार काढावी आणि गाडी पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोह टाळावा. जुन्या आसनांना डोक्यामागचा आधार नसतो, त्यामुळे मान मागे झटकते आणि दुखणं कित्येकदा दुसऱ्या दिवशी वर येतं. डॉक्टरांना दाखवा, गाडी थांबू शकते. पोलिसांत नोंद करा, पंचनामा होऊ द्या, धडकणाऱ्या वाहनाचा क्रमांक आणि विमा तपशील घ्या. गाडी हलवण्याआधी चारही बाजूंनी, आतून, डिकी उघडून आणि खाली वाकून फोटो काढा. हे फोटो पुढे विम्याला तर लागतातच, पण डेंटरलाही लागतात, कारण जोर कोणत्या दिशेने आला हे त्याला त्यातूनच कळतं. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका. मागचा अ‍ॅक्सल सरकलेला असेल तर टायर कमानीला घासतो आणि प्रोपेलर शाफ्ट गिअरबॉक्सवर दाबला जातो.

पुढचं पाऊल तुमची गाडी कोणत्या घडणीची आहे यावर ठरतं. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि काँटेसा यांना वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा. ब्रिटिश एमजीबीसारखी स्पोर्ट्स कारही याच घडणीची. तिथे डिकीचा तळ वाकला म्हणजे सांगाडाच वाकला. दुसरी घडण स्टँडर्ड हेराल्डची. ही गाडी मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून बनू लागली. तिला खाली स्वतंत्र चेसिस आहे आणि वर बोल्टने कसलेली बॉडी. हेराल्डचीच चेसिस आखूड करून ब्रिटनमध्ये १९६२ साली ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी राहिली, त्यामुळे स्पिटफायरच्या दुरुस्तीचं बरंचसं ज्ञान हेराल्डवाल्याच्या उपयोगी पडतं. या घडणीत बॉडी उचलून चेसिस उघडी करता येते आणि चेसिसपासून बाहेर आलेले आधार वाकलेत का हे सरळ दिसतं. तिसरी घडण फायबरग्लासची. गोव्याच्या सॅन मोटर्सची दोन आसनी सॅन स्टॉर्म आणि अलिबागजवळ तयार झालेली चिंकारा रोडस्टर या आपल्या भागातल्या खऱ्या स्पोर्ट्स कार. त्यांची वरची कातडी फायबरची आणि ताकद आतल्या पोलादी सांगाड्याची. गॅरेज निवडताना पहिली चौकशी हीच करा: या घडणीचं काम इथे पूर्वी झालंय का?

आता मोजणी. यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्या चुका इथेच टळतात आणि हे काम खानदेशातल्या कुठल्याही गावात, महागड्या यंत्राशिवाय होऊ शकतं. सपाट फरशी किंवा सिमेंटची जागा शोधा आणि गवंड्याच्या पाणी भरलेल्या नळीने ती सपाट आहे याची खात्री करा. गाडी चार घोड्यांवर सारख्या उंचीवर ठेवा. मग ओळंबा घेऊन सांगाड्यावरच्या जोडीच्या बिंदूंवरून खाली सोडा: पुढच्या सस्पेन्शनचे बोल्ट, पाट्यांच्या पुढच्या हँगरचे बोल्ट, मागच्या शॅकलचे बोल्ट, डिकीच्या मेंबरची टोकं. प्रत्येक बिंदूखाली फरशीवर खडूने खूण करा. गाडी बाजूला घेतली की फरशीवर तिचा नकाशा उरतो. डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंतचं तिरकं माप आणि उलट बाजूचं तिरकं माप सारखं आलं पाहिजे. गाडीच्या मधून पुढून मागे सुतळी ताणली तर दोन्ही बाजूंचे बिंदू तिच्यापासून समान अंतरावर पडले पाहिजेत. तीन-चार मिलिमीटरचा फरक जुन्या गाडीत कारखान्यातूनच असू शकतो. दहा-बारा मिलिमीटरचा फरक म्हणजे सांगाडा सरकला.

यानंतर चाकांमधलं अंतर दोन्ही बाजूंनी मोजा. पद्मिनीत ते २३४० मिलिमीटर, अ‍ॅम्बेसेडरमध्ये २४६४ आणि हेराल्डमध्ये २३२४ मिलिमीटर असतं. चाकं सरळ ठेवूनही एका बाजूला अंतर कमी आलं तर दोन शक्यता आहेत: मेंबर दबलंय, किंवा पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलाय. दोन्हींचा इलाज वेगळा आणि खर्चही फार वेगळा, म्हणून यू-बोल्ट सैल करून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नका. उंचीची मापंही घ्या, कारण मागून बसलेला मार बहुतेकदा डिकीचं टोक खाली किंवा वर वाकवतो आणि वरून घेतलेल्या मापात ते दिसत नाही. शेवटी सांगाड्याच्या खुणा पाहा: मागच्या दाराच्या वर छताला पडलेली बारीक घडी, मागच्या काचेच्या रबरात उघडलेली फट, खांबाच्या मुळाशी तडकलेला जुना रंग, दार बंद करताना उचलावं लागणं, पुढच्या आसनाची मागे वाकलेली पाठ. रंगाला पडलेली तडक आणि सुरकुतलेलं सीलंट जोर कुठवर गेला याचा नकाशाच देतात. म्हणून घासकाम सुरू होण्याआधी या जागांचे फोटो घ्या, घासल्यावर तो पुरावा उरत नाही.

मोजणी झाली की ओढणी. गॅरेजात पुष्कळदा सुचवलं जातं की दबलेला भाग गॅसने तापवून ठोकावा, किंवा मागचा सगळा भाग कापून भंगारातल्या दुसऱ्या गाडीचा लावावा. दोन्ही मार्ग झटपट आहेत आणि दोन्हींवर माझा आक्षेप आहे. दबलेला पत्रा ज्या दिशेने आत गेला त्याच्या नेमक्या उलट दिशेने, हळूहळू, थंड अवस्थेत बाहेर यायला हवा. त्यासाठी गाडी पुढून चार ठिकाणी घट्ट बांधावी लागते, नाहीतर डिकीऐवजी गाडीच ओढली जाते. मग चेन पुली किंवा हायड्रॉलिक जॅकने थोडं ओढायचं, ताण तसाच ठेवून घड्यांवर हातोडी आणि डॉलीने हलके ठोके द्यायचे, सोडायचं आणि पुन्हा मोजायचं. पोलाद थोडं मागे येतं, त्यामुळे मापापेक्षा किंचित पुढे ओढावं लागतं. सगळ्यात शेवटी पडलेली घडी सगळ्यात आधी उघडायची. या गाड्यांचा पत्रा साधारण २० गेजचा, म्हणजे ०.९ मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यावर गॅसची मोठी ज्योत फिरवली तर तो ताणला जातो आणि गार होताना वेडावाकडा आकसतो. उष्णता लागलीच तर ती बारीक ठिपक्यापुरती, फुगलेला पत्रा आकसवण्यासाठी. वेल्डिंगच्या आधी टाकी पूर्ण बाहेर काढून लांब ठेवा. रिकामी टाकी सुरक्षित असते हा समज जीवघेणा आहे, कारण उरलेली वाफच पेट घेते.

कापणं कधीच योग्य नसतं, असं मी म्हणत नाही. फाटलेला, गंजून चाळणी झालेला किंवा घडीवर घडी पडलेला पत्रा बदललाच पाहिजे. पण बदलताना कारखान्याने जिथे जोड दिला होता तिथेच जोड सोडवावा. स्पॉट वेल्डचे ठिपके ड्रिलने एकेक मोकळे केले की पूर्ण पॅनल अखंड सुटतं, शेजारचा पत्रा शाबूत राहतो आणि नवा पत्रा त्याच कडेवर बसतो. मधूनच ग्राइंडरने कापून टोकाला टोक लावलं तर सगळा जोर त्या एका शिवणीवर येतो. छतापासून खांब कापून मागचा अर्धा भाग दुसऱ्या गाडीचा जोडणं तर टाळाच. अशा गाडीचा मागचा भाग पुढच्या भागाशी फक्त वेल्डच्या शिवणीने धरलेला असतो आणि पुढची धडक नेमकी ती शिवण शोधते.

यावर पहिली हरकत खर्चाची असते आणि ती रास्त आहे. सांगाडा ओढण्यापेक्षा वरून पुट्टी भरून रंग मारणं खूप स्वस्त पडतं, आणि गाडी काही रोज पळणार नाही, मग एवढा खटाटोप कशाला, असं विचारलं जातं. पण पुट्टीचा हिशेब खानदेशच्या हवेत लवकर उलटतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो. पत्रा आणि पुट्टी वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा थर ते सहन करतो, बोटभर जाडीचा थर एखाद-दोन उन्हाळ्यांत तडकतो. तडकेतून पावसाळ्याचं पाणी आत शिरतं, पुट्टी ते धरून ठेवते आणि गंज आतून वाढतो. बाहेरून दिसेपर्यंत पत्रा गेलेला असतो. आपल्याकडची कोरडी हवा जुन्या गाडीला मुंबई-कोकणापेक्षा खूप चांगली जपते. इथल्या पद्मिनीचा तळ किनाऱ्यावरच्या पद्मिनीपेक्षा घट्ट असण्याची शक्यता जास्त. तो फायदा जाड पुट्टीखाली आपण स्वतःच घालवतो. पैसे कमी असतील तर रंग पुढच्या वर्षी करा, आत्ता सांगाडा सरळ करून उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारून ठेवा. रंग थांबू शकतो, तिरका सांगाडा थांबत नाही.

दुसरी हरकत अशी की खानदेशात हे काम होणारच नाही, गाडी मुंबई-पुण्यालाच न्यावी लागेल. ही हरकत मला अर्धीच पटते. मोजणी, बांधणी आणि साधी ओढणी यांसाठी लागणारी माणसं इथे आहेत. ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रकच्या बॉड्या बांधणारे फॅब्रिकेटर, जाड पोलाद सरळ करणारे, चेन पुली आणि जॅकवर रोज काम करणारे हात जळगाव-धुळ्याच्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास सापडतात. त्यांना पातळ पत्र्याचा हात नसेल, म्हणून सांगाड्यासाठी फॅब्रिकेटर आणि पत्र्यासाठी जुना डेंटर अशी जोडी लावा. सांगाड्याचा पीळ मोठा असेल तर नव्या गाड्यांच्या अधिकृत वर्कशॉपमधला ओढण्याचा बेंच लागतो आणि मोठ्या शहरांत तो मिळतो. पण तिथल्या संगणकात पद्मिनी किंवा हेराल्डची मापं असतीलच असं नाही. तुम्ही स्वतःचा मोजणीचा कागद घेऊन गेलात तर बेंचवाला योग्य काम करू शकतो. कागद नसेल तर तोही डोळ्यांच्या अंदाजानेच ओढेल.

फायबरच्या गाडीबद्दल थोडक्यात. फायबर वाकत नाही, तडकतं, आणि आतले धागे बाहेर दिसणाऱ्या तडकेपेक्षा लांबपर्यंत सुटलेले असतात. आतल्या बाजूने दिवा धरून बाहेरून पाहिलं तर पांढरट ढगासारखा भाग दिसतो, तेवढा सगळा घासून काढावा लागतो. कडा लांब उतारावर घासून मॅटचे थर आतून-बाहेरून चढवावे लागतात. वरून नुसतं रेझिन ओतलेला जोड टिकत नाही. उन्हाळ्यात रेझिन फार लवकर घट्ट होतं, म्हणून काम पहाटे करा आणि हार्डनर बेताने घाला. त्याआधी आतल्या पोलादी नळ्यांचे वेल्ड एकेक करून तपासा, कारण फायबर नवं दिसतं आणि नळी तुटलेलीच राहते.

आता विमा, जिथे अनेक चांगल्या गाड्या कागदावर संपतात. पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची विमा किंमत, म्हणजे आयडीव्ही, मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. नूतनीकरणात ती बहुतेकदा फारच कमी लावलेली असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की गाडी पूर्ण नुकसान धरली जाते. समजा आयडीव्ही ६० हजार असेल, तर ४५ हजारांच्या वरचं काम झालं की गाडी संपली असं कागद म्हणतो. वरून दहा वर्षांपुढच्या गाडीच्या धातूच्या भागांवर आणि रबर-प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापला जातो, फायबरग्लासवर ३० टक्के. पूर्ण नुकसानीच्या दाव्यात आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, रद्द करण्याची मागणी होऊ शकते, आणि आरसी गेली की गाडी कितीही सुंदर दुरुस्त झाली तरी रस्त्यावर येणं फार अवघड होतं. म्हणून सर्व्हेअरसमोर सही करण्याआधी लेखी विचारा: दावा दुरुस्तीचा आहे की पूर्ण नुकसानीचा? आरसीचं काय होणार? आणि नूतनीकरणाच्या वेळीच खऱ्या किमतीचा आयडीव्ही मागा, हप्ता थोडा वाढला तरी.

मागून धडकणाऱ्याची चूक असेल तर त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून मालमत्तेची भरपाई मागता येते, हे कित्येक मालकांना माहीत नसतं. दुचाकी वगळता इतर वाहनांच्या पॉलिसीत ही मर्यादा साधारणपणे साडेसात लाख रुपये असते. तिथे तुमचा कमी आयडीव्ही आड येत नाही, गाडीचं खरं मूल्य आणि खर्च सिद्ध करावा लागतो. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार तो अपघातापासून सहा महिन्यांत दाखल व्हायला हवा. एकाच नुकसानीचे पैसे दोन्हीकडून घेता येत नाहीत, तेव्हा कोणता रस्ता धरायचा हे सुरुवातीलाच वकिलाशी बोलून ठरवा.

मूळ पत्रा वाचवण्याचा आग्रह का, यालाही कागदाचा आधार आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची स्वतंत्र नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठे फेरबदल न झालेली दुचाकी-चारचाकी तिला पात्र ठरते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणं, देखभाल अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर येते, हे समजून निर्णय घ्या. पद्मिनी हे नाव १९७४ पासून आलं, म्हणजे पहिल्या पद्मिन्यांनी ही पन्नाशी आता ओलांडली आहे. मागचा अर्धा भाग दुसऱ्याच गाडीचा असेल तर तिच्या मूळ रूपावर प्रश्न उभा राहू शकतो. ओढून सरळ केलेल्या आणि फोटोंसह नोंद ठेवलेल्या गाडीवर तो उभा राहणं कठीण. ऐतिहासिक वाहनांच्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ट्यूरिन चार्टरचाही कल तोच आहे: बदलण्याआधी जपा, आणि जे बदललं त्याची नोंद ठेवा. नवा पत्रा जास्त सुरक्षित नाही का, असं कुणी विचारेल. शाबूत जुना पत्रा आणि त्याच जाडीचा नवा पत्रा यांत ताकदीचा फरक पडतो तो जोडामुळे. अनावश्यक जोड जितके कमी, तितकं बरं.

मूळ सुटे भाग आटत चाललेत, हेही लक्षात घ्या. अ‍ॅम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ मध्ये बंद झाला. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली आणि तिच्याबरोबर जुन्या भागांचा एक मोठा पुरवठा थांबला. आज तुम्ही कापून भंगारात दिलेलं डिकीचं झाकण उद्या कुणालाही मिळणार नाही. वाकलेला बंपर, तुटलेल्या टेललाइटची चौकट, काचेची पट्टी, सगळं पेटीत बांधून घरी आणा.

सांगाडा मापात आल्यावर पाटे, शॅकल, ब्रेकचे पाइप, सायलेन्सर, गिअरबॉक्स आणि इंजिनाचे माउंट तपासा. धक्क्याने गाडी पुढच्या वाहनावर आदळली असेल तर रेडिएटर आणि पंखाही. नंतर व्हील अलाइनमेंट, आणि अलाइनमेंट जुळत नसेल तर पुन्हा मोजणीकडे परत. डेंटरने काम झालं म्हणून सांगितलं तरी ओळंबा आणि खडूची मोजणी तुमच्यासमोर पुन्हा करून घ्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. रंगासाठी आपल्याकडे ऑक्टोबर-अखेर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. एप्रिल-मेमध्ये थिनर हवेतच उडतो आणि वावटळीची धूळ ओल्या रंगावर बसते, पावसाळ्यात दमट हवेने रंग पांढुरका पडतो. टू-के रंगात आयसोसायनेट असतात, ते मारताना तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, योग्य मास्क पेंटरला तुम्हीच आणून द्या. आणि मागे चांगले, ठळक दिसणारे ब्रेक लाइट आहेत याची खात्री करा.

शेवटी, ज्यांच्या गाडीला आजवर कुठलाही मार बसलेला नाही त्यांना एक विनंती. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, हेराल्ड, काँटेसा किंवा आणखी कोणतीही जुनी गाडी तुमच्या दारात शाबूत उभी असेल, तर या हिवाळ्यात एक रविवार काढून तिचा तळ वर सांगितलेल्या पद्धतीने मोजा, मापं तारखेसह वहीत लिहा आणि त्याच मॉडेलच्या इतर मालकांना द्या. कारखाने बंद झाले, मूळ मापांचे तक्ते मिळेनासे झाले. मागून ठोकलेल्या गाडीला सरळ करणाऱ्या डेंटरला यापुढे खात्रीची मापं मिळतील ती तुमच्या वहीतूनच.